उत्तर शून्य आलं तरी

जुलै महिना आला की मला माणसं नकोशी होतात. हे असं बोलून दाखवू नये, कारण त्याच माणसांवर माझं घर चालतं; पण खरं तेच आहे. हिंगणघाटला नंदोरी रोडवर माझं इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देण्याचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराचा गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि प्लास्टिकच्या चार खुर्च्या. मी सीए नाही. बी. कॉम. झालो, एका सीएकडे सहा वर्षं फॉर्म भरले आणि मग स्वतःची पाटी लावली. वर्षभर माशा मारायच्या आणि जुलैत जेवायला वेळ नाही, असा हा धंदा. मास्तर येतात, बँकेतले बाबू येतात, कापसाचे जिनिंगवाले येतात, आणि प्रत्येकजण दारातूनच म्हणतो, "भाऊ, दोन मिनिटाचं काम आहे." दोन मिनिटांचं काम कोणाचंच नसतं. साइट चालत नाही, ओटीपी येत नाही, आणि येतो तेव्हा फोन बायकोबरोबर अल्लीपूरला गेलेला असतो.

अशा या महिन्यात, पहिल्या शनिवारी सकाळी बरोबर अकराला, बाई यायच्या.

बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई. उंच, हाडकुळ्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची गावात कोणाची छाती झाली नाही. बाई दारात दिसल्या की मी उठून उभा राहायचो. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी निम्मे त्यांच्याच हातून गेलेले, तेही उठायचे. एकदा एक जिनिंगवाला शेठ पायावर पाय टाकून फोनवर बोलत होता. बाईंना बघताच त्याने फोन खिशात घातला आणि पाय सरळ केले. पन्नाशीचा माणूस, दोन ट्रकांचा मालक. बाई त्याला म्हणाल्या, "तुझे अपूर्णांक अजून कच्चे असतीन." तो म्हणाला, "हो बाई." मग रुमालाने खुर्ची पुसून त्या बसायच्या आणि पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि लाल पेन्सिल काढायच्या. तिथून पुढचे दोन तास माझे नसायचे.

बाईंचे शेअर्स होते. हे ऐकून लोकांचे डोळे मोठे होत, म्हणून आधीच सांगतो, एकूण अकरा कंपन्या आणि त्यांतले एकूण शेअर्स दीडशेच्या आत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नियम केला. घरात जी वस्तू रोज वापरतो, तिच्या कंपनीचे थोडे शेअर्स घ्यायचे. चहा पितो, म्हणून चहाची कंपनी. डोक्यावर पंखा फिरतो, म्हणून पंख्याची. साबण, कुकर, रंग, सिमेंट, बॅटरीचे सेल. भाव काय, वर जातो की खाली येतो, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एकदा मी म्हटलं, "बाई, हा कुकरवाला गेल्या साली निम्म्यावर आला, विकून टाका." त्या म्हणाल्या, "कुकर शिट्टी देऊन राह्यला ना? मंग?"

या कंपन्या वर्षातून एकदा-दोनदा लाभांश द्यायच्या. कोणी साडेसतरा रुपये, कोणी सातशे चाळीस. पूर्वी लाभांशावरचा कर कंपनीच भरत असे, आपल्या रिटर्नात त्याचा त्रास नव्हता. मग नियम बदलला आणि लाभांश ज्याचा त्याने आपल्या उत्पन्नात दाखवायचा असं ठरलं. गावातल्या सगळ्या शेअरवाल्यांनी कपाळाला हात लावला. आनंद झाला तो एकट्या बाईंना. त्या वर्षी त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आतापर्यंत कंपनी आपला पेपर सोडवून देत होती. आता आपला आपल्याले सोडवाचा आहे. सांग, कुठून सुरू कराचं?"

गावात दोन सीए असताना बाई माझ्याकडे का आल्या, हे मला कळलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या दोघांचे पेपर मी कधी तपासले नाई."

त्या पहिल्याच वर्षी मी मार खाता खाता वाचलो. फॉर्ममध्ये लाभांशासाठी पाच रकाने असतात. जूनच्या पंधरापर्यंत किती मिळाला, मग सप्टेंबरच्या पंधरापर्यंत, मग डिसेंबरच्या, मग मार्चच्या पंधरापर्यंत, आणि शेवटी मार्चच्या उरलेल्या सोळा दिवसांत किती. हे रकाने ज्यांना आगाऊ कर भरावा लागतो त्यांच्या व्याजासाठी. साठी ओलांडलेल्या पेन्शनवाल्यांना त्यांचं सोयरसुतक नाही. म्हणून मी काय करायचो, सगळी रक्कम एकाच रकान्यात टाकायचो आणि बाकीच्या चारांत शून्य. बरेचजण असंच करतात. कोणी विचारत नाही.

बाईंनी प्रिंट हातात घेतली आणि चष्मा नाकावर ओढला. "माह्या कंपन्यांनी सारे पैसे मार्चमध्येच देल्ले का?"

"तसं नाही बाई. त्याने फरक नाही पडत. तुमचा कर शून्यच आहे. पेन्शन, बँकेचं व्याज आणि हा लाभांश सगळा धरला तरी शून्यच येतो."

"उत्तर शून्य आलं म्हणून पायऱ्या लिहाच्या नाई?"

"पण बाई, बघतं कोण?"

बाईंनी नुसतं बघितलं. मी मुकाट्याने फॉर्म परत उघडला आणि एकेक कंपनी, एकेक तारीख, पाच रकान्यांत भरली. बाहेर सहा माणसं ताटकळत होती. बाई रजिस्टरमधून वाचायच्या, "चहा, अठरा ऑगस्ट, त्रेसष्ट रुपये," आणि मी टाइप केलं की लाल पेन्सिलने खूण करायच्या. शेवटी फॉर्मने पैसे टाकून नुसते रुपये धरले, तर त्यांनी विचारलं, "माहे पंच्याहत्तर पैसे कुठं गेले?" मी म्हटलं, सरकार पैसे धरत नाही. "मंग शाळेत कशाले शिकवते?" असं म्हणून त्यांनी रजिस्टरमध्ये टीप लिहून ठेवली. ते पंच्याहत्तर पैसे तिथे अजून आहेत.

सगळ्यात कठीण प्रकरण ओटीपीचं. रिटर्न पाठवलं की मोबाइलवर सहा आकडे येतात. ते घातले की काम पक्कं होतं. लोक घाईघाईने आकडे ओरडून सांगतात. बाई आधी मनात बेरीज करायच्या. सहाही आकड्यांची बेरीज करून ती नऊने जाते का ते बघायच्या, मगच आकडे सांगायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी सात आणि अकरानेही भागून बघितलं आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. "हा नऊनं जाते," त्या खूश होऊन म्हणाल्या. मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, तो नऊनं जाऊ द्या नाहीतर नागपूरला जाऊ द्या, आकडे सांगा." माझ्या ऑफिसात बाई मोठ्याने हसल्या त्या तेवढ्या एकदाच.

एकदा पंख्याच्या कंपनीची वार्षिक सभा त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवरून ऐकली. आजकाल या सभा घरबसल्या होतात आणि भागधारकाला आधी नाव दिलं तर बोलताही येतं. बाईंनी नाव दिलं होतं. त्यांचा नंबर आला आणि बाई सवयीप्रमाणे उठून उभ्या राहिल्या. कॅमेरा टेबलावर, त्यामुळे मुंबईच्या साहेब लोकांना फक्त साडीचे काठ आणि लाल पेन्सिल दिसत होती. बाईंनी शाळेतल्या हिंदीत विचारलं, "पन्ना एक सौ बारह पर जो जोड़ दिया है, वो एक से कम आ रहा है. किसने जाँचा?" साहेब म्हणाले, मॅडम, आकडे लाखांत आहेत, ते राउंडिंग आहे. बाई म्हणाल्या, "मतलब एक लाख रुपये." मग मराठीतच पुढे सुरू झाल्या, की आमच्या वर्गात एका मार्काचंही राउंडिंग होत नव्हतं. त्यांनी बाईंचा आवाज बंद केला. तरी बाई उभ्या राहून दोन मिनिटं बोलल्या. मी त्यांना सांगितलं नाही की आता कोणी ऐकत नाही.

यावरून वाटेल की बाई म्हणजे नुसता हेका. तसं नव्हतं. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती, आणि ती आम्हाला आठवीत असतानाच कळली होती. वर्षाच्या सुरुवातीला त्या गणिताचं पुस्तक आणायला लावायच्या आणि शेवटची उत्तरांची पानं एकत्र करून स्टेपल मारायच्या. चाळीस पोरांची चाळीस पुस्तकं, स्वतः. "उत्तर आधी पाह्यलं तं गणित आपलं राहत नाई," असं म्हणायच्या. आता सरकारही साइटवर आधीच यादी देतं, कोणत्या कंपनीने तुम्हाला किती दिलं त्याची. सगळे ती उघडून आकडे उतरवतात. बाईंनी मला बजावलं होतं, की त्यांचं रजिस्टर वाचून संपेपर्यंत ती यादी उघडायची नाही. शेवटी ताळा म्हणून उघडायची. दरवर्षी ती पैशासकट जुळायची, आणि बाई "हं" म्हणायच्या.

दुसरी त्यांची रीत याहून वेगळी. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायच्या, पण चाचणीचे पेपर त्या तपासत नसत. ज्याचा पेपर त्यालाच परत द्यायच्या, फळ्यावर गणितं पायऱ्यांसकट सोडवायच्या आणि आपणच आपल्याला मार्क द्यायला लावायच्या. मग हजेरीच्या क्रमाने नंबर पुकारायच्या. पोराने उभं राहायचं, मार्क सांगायचे, बाई लिहून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बस खाली." मग बसायचं. पेपर परत घेऊन बघत नसत. शाळेतल्या इतर मास्तरांना हा वेडेपणा वाटायचा.

आठवीच्या पहिल्या चाचणीत मला पंचवीसपैकी सतरा पडत होते. एक चार मार्कांचं गणित मी सोडवलंच नव्हतं. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या तेवढ्यात मी ते पेपरात उतरवलं. माझा नंबर आला. उभा राहिलो आणि म्हणालो, "एकवीस." बाईंनी माझ्याकडे बघितलं. एकवीस लिहिले. आणि पुढचा नंबर पुकारला. "बस खाली" म्हणाल्याच नाहीत. मी तसाच उभा. पुढची दोन पोरं उभी राहून, मार्क सांगून, बसली. मग मी आपला आपणच बसलो. त्यावर त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत, ना तेव्हा ना नंतर. त्यांच्या लक्षात आलं होतं की नुसतं विसरून गेल्या होत्या, हे मला पस्तीस वर्षं कळलं नाही. माझ्या मात्र लक्षात राहिलं. लाज वाटायची आणि अजून वाटते.

गेल्या वर्षी पहिला शनिवार आला आणि बाई आल्या नाहीत. दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आमच्या शाळेचा शिपाई त्यांना ऑटोतून घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, बाई सकाळपासून शाळेच्या गेटापाशी उभ्या होत्या. प्रार्थनेची घंटा झाली, तरी आत नाई आल्या. म्हने, माहा तास कोनता आहे ते पाहून सांग. मंग घडीभरानं आपल्याच मनानं म्हनल्या, मले रिटर्नवाल्याकडे जाचं होतं."

बाई खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी खुर्ची पुसली नाही. चेहरा उतरलेला. पिशवीतून रजिस्टर काढलं, ते मांडीवर घट्ट धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी आजकाल इसरून राह्यली रे. गॅस इसरते, रस्ता इसरते. भाचीनं वर्ध्याहून येऊन घराले चिठ्ठ्या लावून देल्ल्या. पन हे एक काम मले अजून येते. हे माहं मीच केलं आहे, सारं. तू पाह्य."

रजिस्टर नेहमीसारखंच नेटकं होतं. अकरा कंपन्या, पाच रकाने, खाली बेरीज चार हजार तीनशे अठरा. मी टाइप केलं. शेवटी ताळ्याची यादी उघडायची वेळ आली तेव्हा बाई खुर्चीतच पेंगत होत्या. यादीत बेरीज चार हजार एकशे सहा होती. दोनशे बारा रुपयांचा फरक. शोधायला वेळ लागला नाही. पंख्याच्या कंपनीचा लाभांश बाईंनी दोनदा धरला होता, एकदा कंपनीचं पत्र आलं त्या तारखेला सप्टेंबरच्या रकान्यात आणि एकदा पासबुक छापून आणलं तेव्हा डिसेंबरच्या रकान्यात. आधी त्या पत्र आणि पासबुक शेजारी ठेवून खुणा करायच्या. या वेळी केल्या नव्हत्या.

माझ्या धंद्यात लोक मिळकत कमी दाखवायला सांगतात. वर्षानुवर्षं हेच ऐकत आलो आणि तेच टाळत आलो. न मिळालेले पैसे मिळाले म्हणून दाखवणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. सांगायला तोंड उघडलं, पण "हे एक काम मले अजून येते" हे त्यांचे शब्द पाच मिनिटांपूर्वीचे होते. आणि मी थकलो होतो, हेही खरं. मी गुपचूप डिसेंबरचा आकडा खोडला, बरोबर तेवढंच ठेवलं आणि बाईंना जागं केलं. "जुळलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जुळलं बाई." ओटीपी आला. त्यांनी बेरीज केली, नऊने जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत आल्या, एकट्या, चालत. ऑफिस भरलेलं. हातात कालची प्रिंट. "आकडा तू बदलवला. दोनशे बारानं कमी केला."

मी उठून उभा होतो. सगळे बघत होते.

"दुसऱ्याच्या पेपरात हात घालाचा नाई, हे मी तुले शिकवलंतं का नाई?"

दोन वाटा होत्या. चूक तुमची आहे, असं चारचौघांत यादी उघडून दाखवायचं. किंवा चूक आपल्या अंगावर घ्यायची. मी म्हणालो, "टाइप करताना चुकलं बाई. घाईत होतो." त्यांनी मला तिथल्या तिथे दुरुस्तीचं रिटर्न भरायला लावलं. खोटे दोनशे बारा रुपये मी माझ्या हाताने परत घातले. कर आधीही शून्य होता, आताही शून्यच. बाई गेल्या. जाताना शाळेच्या जुन्या स्टाफला सांगत गेल्या असाव्यात, कारण त्या आठवड्यात चार पेन्शनर दुसरीकडे गेले. मला राग आला. बाईंचा नाही, सगळ्याचाच. घरी बायकोने विचारलं, एवढं काय झालं, तर तिला सांगताही आलं नाही.

दिवाळी झाली. नोव्हेंबरातल्या एका रिकाम्या दुपारी बाई आल्या. रजिस्टर, पासबुक आणि कंपनीचं पत्र तिन्ही टेबलावर ठेवलं, शेजारी शेजारी.

"पंख्याचे दोनदा लिहिले मी," त्या म्हणाल्या. "तुले माहीत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"तुम्हाले वाईट वाटलं असतं, बाई."

"वाईट वाटलं असतं तं वाटू द्याचं होतं. चुकीचा पेपर माह्या नावानं देल्ला तू." मग चष्मा काढून पदराने पुसला. "अन् मी तुले साऱ्या लोकायसमोर खोटा म्हटलं. घरोघरी जाऊन सांगितलं."

डिसेंबर अखेरपर्यंत दुरुस्ती करता येते. आम्ही दोघांनी त्या एका वर्षाचं रिटर्न तिसऱ्यांदा भरलं. बाईंनी रजिस्टरमधली बेरीज लाल पेन्सिलने खोडली, खाली बरोबर बेरीज लिहिली आणि समासात "चूक माझी" असं लिहून सही केली. मग ती पेन्सिल माझ्या कीबोर्डवर ठेवली.

"पुढच्या साली तूच तपासजो. मी फक्त सही करीन."

"आपण दोघं मिळून तपासू ना बाई."

"दोघायनं तपासला तं तो आपला पेपर राहत नाई. आता थकली मी." आणि उठल्या. मी त्यांना ऑटोपर्यंत सोडलं. त्या कधी कोणाचा हात धरत नसत. त्या दिवशी धरला. मला फार वाईट वाटलं. ते दोनशे बारा रुपये जुलैतच सांगितले असते तर बरं झालं असतं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

त्या चार पेन्शनरांपैकी तिघे नंतर परत आले. तिघांनी सांगितलं ते एकच, की बाई घरी येऊन चूक स्वतःची होती म्हणून गेल्या. एकाला तर त्यांनी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितल्याचं विसरल्या होत्या.

या वर्षी बाई आल्या नाहीत. मीच गेलो, उसना लॅपटॉप घेऊन. त्यांच्या दोन खोल्यांत आता भाची राहायला आली आहे. तिनेच पासबुक आणि कंपन्यांची पत्रं काढून दिली. जुलैची अखेर, माझा फोन सारखा वाजत होता, तो मी बंद केला. सरकारची यादी उघडली नाही. बाईंच्या रजिस्टरमध्ये नवं पान घेतलं, पाच रकाने आखले, पत्र आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक लाभांश लिहिला आणि लाल पेन्सिलने खुणा केल्या. अडीच तास गेले. उत्तर शून्यच येणार होतं. मग यादी उघडली, जुळली. "हं" म्हणायला कोणी नव्हतं.

बाई पलंगावर बसून होत्या. मला त्यांनी ओळखलं नव्हतं. मी आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, मीटरचं रीडिंग घ्यायला आलास का. ओटीपी बाईंच्या मोबाइलवर येणार होता, आणि त्याला आत रेंज नव्हती, म्हणून मी मोबाइल घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो. आकडे आले. टाइप करायला भाचीला सांगणार होतो, पण का कोण जाणे, बाईंकडे तोंड करून वाचले, सावकाश. "चार. शून्य. तीन. एक. सात. दोन."

बाईंची बोटं मांडीवर हलायला लागली. चार, सात, आठ, पंधरा, असं त्या पुटपुटल्या.

"सतरा," त्या म्हणाल्या. "नऊनं जात नाई."

मी मान डोलावली. भाचीने आकडे घातले, काम झालं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ.

"सतरा होते तुझे."

"काय सतरा, मावशी?" भाचीने विचारलं.

"याचे. पंचवीसपैकी. एकवीस सांगितले यानं."

खिडकीपाशी मोबाइल हातात घेऊन मी तसाच उभा होतो. मग म्हणालो, "हो बाई. सतराच होते."

बाईंनी मांडीवर बोटाने काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"बस खाली," त्या म्हणाल्या.

मी बसलो.